रोलरची उजवी बाजू

माझ्या थोरल्या जाऊबाईंना एका रुमालाने पाडलं. ओल्या चादरींच्या ढिगाने नाही, भरलेल्या ट्रॉलीने नाही, रुमालाने! हॉटेलात लोक तोंड पुसतात तसला वीतभर चौकोनी रुमाल. तो ट्रॉलीतून खाली पडला, जाऊबाई उचलायला वाकल्या, आणि वाकल्या त्या तशाच राहिल्या. मला वाटलं काहीतरी शोधतायत. म्हटलं, "काय हरवलं?" तर खालूनच आवाज आला, "अगं गधडे, मला वर घे."

आम्ही दोघी एकाच घरात सुना म्हणून आलो आणि एकाच लाँड्रीत कामाला लागलो. हे ऐकलं की लोक आधी हळहळतात. घरी पण जाऊ आणि कामावर पण जाऊ, कसं निभावता हो? निभावतो म्हणजे काय, भांडतो आणि निभावतो. मी तोंडाने फटकळ, त्या माझ्याहून चार पावलं पुढे.

आमची लाँड्री म्हणजे कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे. दवाखान्यांच्या, हॉटेलांच्या चादरी गाड्या भरभरून येतात. शेडच्या एका बाजूला माणूस आत उभा राहील एवढी धुलाईची मशीनं, दुसऱ्या बाजूला रोलर. रोलर म्हणजे हे एवढं लांबलचक गरम नळकांडं. ओली चादर इकडून आत सारायची, तिकडून ती कडक इस्त्री होऊन बाहेर पडते. सारायला दोघी लागतात. उजवीकडची ट्रॉलीकडे वळते, वाकते, गुंत्यातून चादर ओढून काढते, तिची टोकं शोधते आणि एक टोक डावीकडचीच्या हातात देते. मग दोघींनी मिळून झटका द्यायचा आणि चादर सरळ आत सोडायची.

चादरीचं टोक शोधणं हीच खरी करामत. त्यामुळे उजवी बाजू मानाची. असं कुणी कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण शेडमध्ये सगळ्यांना माहीत आहे. एकदा उजवीकडे गेलेली बाई परत डावीकडे येत नाही. आली तर तिची उतरली म्हणून समजायचं. जाऊबाई माझ्या लग्नाच्या आधीपासून उजवीकडे आहेत. मी कधीमधी विचारायची, "जाऊबाई, आज मी ओढू का?" त्या म्हणायच्या, "मी मेल्यावर ओढ." त्यांच्या हाताच्या वेगाने अख्खी शेड चालायची. म्हणून सगळे त्यांना इंजीन म्हणतात.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते. टॉवेलांच्या टेबलापाशी एक गादीची खुर्ची आहे. जिची कंबर धरली तिला सुपरवायझर त्या खुर्चीत बसवतो. दिवसभर बसून टॉवेलांच्या घड्या घालायच्या. बिचारा त्याच्या परीने भलंच करतो, उगाच कशाला खोटं बोलू. पण आम्ही त्या खुर्चीला पेन्शन म्हणतो, कारण तिथे बसलेली बाई उठून परत रोलरवर आलेली आजवर कुणी पाहिलेली नाही. सध्या तिथे मावशी बसतात. एके काळी मशीनचं अवजड दार एका हाताने उघडायच्या. आता उठताना टेबल धरतात आणि चालताना भिंत धरतात. त्यांच्याकडे बघून बाकीच्या सगळ्यांनी धडा घेतलेला. कंबर दुखली तर ब्र काढायचा नाही. बाम चोळायचा, पट्टा आवळायचा, ओठ दाबायचे आणि कामाला लागायचं.

जाऊबाईंना लपवता आलं नाही, कारण त्यांना घरी आणलं तेच आडवं घालून. चमक अशी भरलेली की कूस बदलता येईना. मोठे भाऊजी, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, पार हादरले. दुसऱ्याच दिवशी मशीनमध्ये घालून कमरेचा फोटो काढून आणला. तिथल्या डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं की मणक्यांमधली एक गादी जराशी पुढे आली आहे, थोडी झीज आहे, आराम करा. भाऊजींनी 'जराशी' आणि 'थोडी' सोडून बाकीचं सगळं ऐकलं.

झालं! पलंगावरची गादी गेली आणि फळी आली. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की कमरेला कडक पाहिजे. पाण्याची बाटली उचलायची नाही, वाकायचं नाही, जिना चढायचा नाही. पट्टा झोपेतसुद्धा काढायचा नाही. शेजारीपाजारी बघायला यायचे आणि आपापल्या मामेबहिणींच्या ऑपरेशनच्या गोष्टी सांगून जायचे. एकीने तर बसल्या बसल्या सांगितलं की आता ह्यांना चाकाची खुर्चीच लागणार. मी तिला दारापर्यंत सोडायला गेले आणि दार जरा जोरातच लावलं.

आणि जाऊबाई? ज्या बाईने उभा जन्म ओल्या चादरी ओढल्या, ती शिंक आली तरी दाबून धरायला लागली. आत काहीतरी तुटेल म्हणून! उठायचं म्हटलं की घाम फुटायचा. दुखणं कमी व्हायचं सोडून वाढतच गेलं. आधी नुसती कंबर होती, मग पाठ आखडली, मग मान. जेवढ्या पडून राहिल्या तेवढ्या जखडत गेल्या. भाऊजी म्हणायचे, "बघ, अजून आराम पुरेसा झालेला नाही."

पडून महिना होत आला तसा सुपरवायझरचा निरोप आला. अजून महिनाभर थांबतो, मग एकतर खुर्चीत बसा, नाहीतर घरी बसा. भाऊजींनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. "घरीच. पुष्कळ झालं आता."

मी ताट घेऊन गेले तेव्हा जाऊबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. म्हणाल्या, "मला त्या खुर्चीत नका गं बसवू. आणि ह्या फळीवर पण नका ठेवू. मला माझा रोलर पाहिजे." आणि रडायला लागल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. भांडताना पाहिलं होतं, रुसताना पाहिलं होतं, पण हे नाही. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "उठा. ते व्यायामाने कंबर बरी करणारे डॉक्टर कुणीतरी सुचवले होते ना, तिथे जायचं. आत्ताच्या आत्ता."

"तिला हलवायचं नाही!" भाऊजी बाहेरून ओरडले.

"मग तुम्ही पण चला की, भाऊजी. वाटेत तुटल्याच तर तुकडे गोळा करायला माणूस लागेल."

आले बिचारे. गाडीत सबंध रस्ता ड्रायव्हरला "हळू, हळू" म्हणत होते.

दवाखान्याच्या व्यायाम विभागातली डॉक्टरीण आमच्या मुलींच्या वयाची, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. तिने आधी फोटो बघितलाच नाही. प्रश्न विचारत सुटली. लघवी लागलेली कळते का? धरवते का? बसायच्या जागेला, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधीर वाटतं का? पायातली ताकद गेली आहे का? ताप येतो का, वजन उतरलंय का, कुठून पडलात का, पूर्वी कधी कॅन्सर झाला होता का? भाऊजी एवढा वेळ छताचा पंखा न्याहाळत होते. सगळ्याला 'नाही' उत्तर आल्यावर ती म्हणाली, "यातलं काहीही झालं तर माझी वाट बघायची नाही. त्याच दिवशी थेट मोठ्या दवाखान्यात." मग तिने जाऊबाईंना चवड्यांवर चालवलं, टाचांवर चालवलं, पाय उचलून बघितले, गुडघ्यावर टकटक केलं.

"तुमची कंबर शाबूत आहे," ती म्हणाली.

भाऊजींनी पिशवीतून फोटो बाहेर काढला. "आणि हे? ही गादी सरकलेली?"

तिने फोटो उजेडात धरून नीट पाहिला. "काका, तुमचा फोटो काढला तर तुमचंही काहीतरी दिसेल. या वयात कितीतरी जणांचं दिसतं आणि त्यातल्या पुष्कळांचं काहीच दुखत नसतं. बाहेरून केस पांढरे होतात, तसं हे आतलं."

भाऊजींनी डोक्यावरून हात फिरवला. तिथे पांढरासुद्धा केस उरलेला नव्हता.

"अहो पण मग दुखतं कशाने?" मी विचारलं. "रुमालाने?"

"रुमाल नावाला. बहुतेकांचं बोट ठेवून असं एकच कारण सांगता येत नाही." आणि तिने आधीच्या दिवसांचं विचारलं. दोघी तिघी रजेवर होत्या म्हणून जाऊबाई दुहेरी पाळी करत होत्या. मुलगा लांब नोकरीला गेलेला, त्याचा फोन येत नाही म्हणून झोप उडालेली. हे जाऊबाईंनी तिला सांगितलं, मला कधी सांगितलं नव्हतं. डॉक्टरीण म्हणाली, "दमलेली, जागलेली, काळजीने आवळलेली पाठ लवकर ओरडते. दुखणं खरंच असतं हं, मनाचे खेळ म्हणत नाहीये मी. पण दुखलं म्हणजे मोडलं असं नाही. फळीवर पडून राहिलात त्याने स्नायू ढिले पडले आणि भीती वाढली. भीती वाढली की दुखणं वाढतं."

जाऊबाईंनी हळूच विचारलं, "म्हणजे शिंकले तर चालेल?"

"खुशाल शिंका!"

मग ती म्हणाली, काम कसं करता ते दाखवा. तिथल्याच पलंगावरची चादर घेऊन आम्ही दोघी उभ्या राहिलो. जाऊबाई उजवीकडे, मी डावीकडे. त्या कण्हत कण्हत का होईना पण वळल्या, टोक काढलं, मला दिलं. डॉक्टरीण म्हणाली, "ओढायचं नेहमी तुम्हीच?"

"मग! उजवी बाजू माझी आहे."

"कधीपासून?"

"हिचं लग्न व्हायचं होतं."

"बाजू बदलत जा. थोडा वेळ तुम्ही ओढा, थोडा वेळ ह्या ओढतील. वळणं, वाकणं वाईट नाही. पण दिवसभर तेच आणि तेवढंच करणं बरं नाही."

जाऊबाईंचा चेहरा असा पडला की काय सांगू. "डॉक्टरीणबाई, दुसरं काहीही सांगा. कडू औषध सांगा." मला आतून उकळ्या फुटत होत्या, पण मी चादरीची घडी घालायच्या निमित्ताने तोंड फिरवलं.

फळी त्याच संध्याकाळी माळ्यावर गेली. गरम पाण्याच्या पिशवीचा शेक चालेल, फार दुखलं तर थोडे दिवस गोळी चालेल, पट्टा हळूहळू सोडायचा. रोज चालायचं, रोज थोडं वाढवायचं. पाठीवर झोपून कंबर उचलायची, खुर्चीवरून हात न टेकता उठायचं. पिशवीत पाण्याच्या बाटल्या भरून उचलायच्या, आज एक, जमलं की दोन. दुखलं तर थांबायचं, श्वास घ्यायचा, थोडं कमी करायचं. पण बंद करायचं नाही.

आणि घरात जुंपली! जाऊबाई वाकल्या की भाऊजी ओरडायचे. एकदा त्यांनी बादली उचलली तर भाऊजी हातातला पेपर टाकून धावले. जाऊबाई म्हणाल्या, "अहो, बादली आहे ती, बॉम्ब नाही!" आम्ही न्हाणीत चादरी भिजवायचो आणि मधल्या खोलीत दोघी सराव करायचो. बाजू बदलून. मला ते टोक काही केल्या सापडेना. एवढी वर्षं टपून बसले होते आणि हातात आलं तर सगळा गुंता. जाऊबाई डावीकडून शिव्या घालायच्या. "अगं शिवण चाचप, शिवण! डोळ्यांनी काय शोधतेस?" फरशीभर पाणी व्हायचं आणि भाऊजी पाय उचलून सोफ्यावर बसायचे.

मधेच एका सकाळी परत उसण भरली. चांगली जोरात. भाऊजी म्हणाले, "सांगत होतो मी. सांगत होतो की नाही?" मला वाटलं, संपलं आता. जाऊबाई पलंगाची कड धरून कशाबशा उठल्या. मग चपला घातल्या आणि वाकड्या तर वाकड्या, पण चालायला बाहेर पडल्या. कोपऱ्यावर ती चाकाच्या खुर्चीवाली शेजारीण भेटली. "अगं बाई, अजून दुखतंय?"

"दुखतंय. म्हणून तर चाललेय."

मला इतकं बरं वाटलं ते ऐकून!

मुदत संपली तसे आम्ही तिघं सुपरवायझरच्या केबिनमध्ये गेलो. भाऊजींनी वाटेत बजावलं होतं, "अजिबात दुखत नाही म्हणून सांग." म्हणजे तोवर त्यांनाही थोडं पटलं होतं, पण त्यांच्या पद्धतीने. सुपरवायझर म्हणाला, "मला एवढंच पाहिजे. परत दुखणार नाही असं डॉक्टरांकडून लिहून आणा."

"असं कुणी लिहून देत नाही," जाऊबाई म्हणाल्या. "मी विचारलं. परत दुखेल, साहेब."

भाऊजींनी कपाळाला हात लावला.

"मग बाई, कसं जमायचं? मशीनचं बेअरिंग गेलं की गेलं. तुम्हाला पण माहीत आहे."

"मशीन वापरून झिजतं. मी न वापरून झिजले. महिनाभर फळीवर पडून बघा तुम्ही, मग बोला." त्या उभ्याच होत्या, समोर खुर्ची असून बसल्या नव्हत्या. "परत दुखेल. दुखलं की थांबेन, चार पावलं टाकेन आणि परत कामाला लागेन. हे लिहून पाहिजे असेल तर आत्ता देते. पण मला जितेपणी पेन्शनला बसवू नका."

"कसली पेन्शन?" तो म्हणाला. मी खोकल्यासारखं केलं.

शेवटी तो वैतागून म्हणाला, "ठीक आहे. आठवडाभर बघतो. पण धरली कंबर की मग मात्र वाद नाही. सरळ खुर्ची."

पहिल्या दिवशी जाऊबाई डावीकडे जाऊन उभ्या राहिल्या तेव्हा शेडमध्ये कुजबुज झाली. इंजीन उतरलं, असं मशीनकडची एक जण म्हणालीसुद्धा. जाऊबाईंनी तिच्याकडे असं बघितलं की ती फिरून आपल्या ढिगाला लागली. जेवणाच्या सुट्टीनंतर आम्ही बाजू बदलल्या. तो दिवस गेला, दुसरा गेला. माझ्या हाताला टोकं लागायला लागली.

आणि आठवडा संपता संपता, भर दुपारी, जाऊबाई उजवीकडे असताना ते घडलं. त्या ट्रॉलीकडे वळल्या आणि थबकल्या. मी त्यांचा चेहरा बघितला आणि ओळखलं. सुपरवायझर काचेतून बघत होता. मी पुटपुटले, "दाबा. ओठ दाबा. बोलू नका काही. मी ओढते." आमच्याकडे सगळ्या हेच करतात. कुणाला कळलंही नसतं.

जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग रोलरचा आवाज मागे पडेल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, "दुखलं!"

सगळे हात थांबले. सुपरवायझर बाहेर आला. "झालं ना? ठरलं होतं, बाई." आणि त्याने टेबलाकडे हात केला. मावशी बिचाऱ्या जागा करून द्यायला टेबल धरून उठायला लागल्या.

"मावशी, बसा तुम्ही," जाऊबाई म्हणाल्या. दोन्ही हात कमरेवर ठेवून त्यांनी पाठ मागे नेली, श्वास सोडला, ट्रॉलीला एक फेरी मारली. वेदना दिसत होती तोंडावर, पण पाय थांबले नाहीत. "ठरलं होतं तर ठरलं होतं, साहेब. पण मग एकटीचंच कशाला? विचारा इथे कुणाकुणाची दुखते."

सगळ्या खाली बघायला लागल्या. मला मावशींचं ते टेबल धरणं दिसत होतं, आणि भीती तर वाटलीच. पण राग भीतीपेक्षा जास्त होता. मी म्हटलं, "माझी दुखते. धाकट्याच्या बाळंतपणापासून." हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

"माझी पण," मशीनकडून आवाज आला. इंजीन उतरलं म्हणणारीच होती ती.

"माझी थंडीत फार धरते."

"माझी उजवीकडे, पायापर्यंत जाते कळ."

गाडीतले गठ्ठे उतरवणारा माणूस दारातून म्हणाला, "बाई नसलेल्याची चालते का? मग माझी पण लिहा." कुणीतरी हसलं, आणि मग एकेक करून सगळ्या बोलायलाच लागल्या, कधीपासून, कुठे, कशी, जसं काही बांध फुटावा.

सुपरवायझरने आमच्याकडे बघितलं, मग खुर्चीकडे बघितलं.

"खुर्ची एकच आहे, साहेब," जाऊबाई म्हणाल्या. "कुणाला बसवता?"

दारात दवाखान्याची दुसरी गाडी येऊन लागली होती आणि रोलर रिकामा तापत होता. "कामाला लागा," एवढंच म्हणून सुपरवायझर केबिनमध्ये गेला आणि दार लावून घेतलं.

जाऊबाई डावीकडे आल्या. मी उजवीकडे सरकले. विचारलं, "अजून दुखतंय?"

"दुखतंय की," त्या म्हणाल्या. "तू ओढ."